‘शुगर फ्री’चा डबा आणि रक्तातली साखर

दिवाळीच्या सुमारास मिठाईच्या दुकानांत एक वेगळा काउंटर लागतो. खजूर-अंजीर रोल, शुगर फ्री पेढे, शुगर फ्री बिस्किटे. मधुमेह असलेल्यांच्या घरी जाताना लोक काळजीपोटी हाच डबा नेतात आणि ‘यात साखर नाही, घ्या अजून एक’ असा आग्रहही करतात. सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होते.

खजुराच्या रोलमध्ये वरून साखर घातलेली नसते, हे खरे. पण सुक्या खजुरात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखरच असते. म्हणूनच ‘नो अ‍ॅडेड शुगर’ आणि ‘शुगर फ्री’ हे दोन वेगळे दावे आहेत. 100 ग्रॅम पदार्थात साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तरच ‘शुगर फ्री’ छापता येते, असा आपल्याकडचा नियम आहे. या नियमात बसणाऱ्या बिस्किटातही मैदा असतोच आणि मैद्याचे पोटात ग्लुकोजच होते. गोडीसाठी बऱ्याचदा माल्टिटॉल वापरलेले असते. तेही रक्तातली साखर वाढवते, फक्त साखरेपेक्षा कमी. आणि जास्त खाल्ले तर पोट बिघडते. त्यामुळे पाकीट उलटून पाहताना ‘शुगर’च्या ओळीवर थांबू नका, ‘कार्बोहायड्रेट’चा आकडा वाचा.

आता चहातल्या गोळीबद्दल. सॅकरिन, अ‍ॅस्पार्टेम, सुक्रालोज यांनी रक्तातली साखर लगेच चढत नाही. सुक्रालोज साखरेच्या सुमारे 600 पट गोड असल्याने ते कणभरच लागते. पण ही गोळी म्हणजे औषध नव्हे. ती साखर उतरवत नाही. फायदा होतो तो कपात न पडलेल्या साखरेमुळे. दिवसाला चार कप चहा आणि कपात दोन चमचे साखर धरली, तर साधारण 40 ग्रॅम साखर, म्हणजे 160 कॅलरी टळतात. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने टाइप 2 मधुमेह असलेल्यांच्या चहा-कॉफीत 12 आठवडे साखरेऐवजी सुक्रालोज देऊन पाहिले. वजन आणि कंबरेचा घेर थोडा घटला, पण तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसीमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. माझ्या मते, गोळीकडून एवढीच अपेक्षा ठेवावी. चहात गोळी टाकली म्हणून जेवणात भात वाढवून घेतला, तर तेवढाही फायदा उरत नाही.

‘जागतिक आरोग्य संघटनेने ही गोळी वाईट ठरवली आहे,’ असेही ऐकू येते. मे 2023 मध्ये संघटनेने सल्ला दिला तो वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे गोडवे वापरू नयेत, असा. आणि आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो लागू नाही, असे त्यातच स्पष्ट म्हटले आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये अ‍ॅस्पार्टेमची नोंद ‘कर्करोगाला कारणीभूत असण्याची शक्यता’ असलेल्या गटात झाली, कारण पुरावा मर्यादित होता. मात्र रोजची सुरक्षित मर्यादा पूर्वीचीच राहिली: शरीराच्या दर किलो वजनामागे 40 मिलिग्रॅम. 70 किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसात डाएट शीतपेयाचे 9 ते 14 हून जास्त कॅन प्यावे लागतील. शंका पूर्णपणे मिटलेल्या नाहीत. इस्रायलमधल्या संशोधकांना 2022 मध्ये काही निरोगी लोकांत सॅकरिन आणि सुक्रालोजमुळे आतड्यातले जिवाणू आणि ग्लुकोजचा प्रतिसाद बदललेला दिसला. म्हणून सर्वांत बरे काय, तर जिभेची गोडीची सवयच हळूहळू कमी करणे.

गोळीला घाबरून गुळाकडे वळणे हा मात्र सरळ तोटा आहे. गूळ ‘नैसर्गिक’ असला तरी त्यात बहुतांश साखरच असते. त्यातले लोह आणि खनिजे चमचाभर गुळात नावापुरतीच येतात. मधाचेही तेच.

शेवटचा गैरसमज जिवावर बेतू शकतो. इन्सुलिन किंवा काही गोळ्यांमुळे साखर 70 च्या खाली गेली की घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोके चालेनासे होते. अशा वेळी गोळी घातलेला चहा किंवा डाएट कोला दिला तर काहीच उपयोग होत नाही. तेव्हा खरी साखरच लागते: तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू असेल तर साधी साखर उशिरा पचते, म्हणून ग्लुकोजच द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा. घरात सगळेच ‘शुगर फ्री’ केले असले, तरी ग्लुकोजचा एक डबा हाताशी असू द्या आणि तो कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.