खताचे पोते आणि जांभ्याची जमीन

लावणीनंतर काही दिवसांनी मालवण-कुडाळकडच्या खाचरांतून युरिया फेकला जातो. पांढरे दाणे पाण्यात पडतात आणि बघता बघता विरघळतात. शेतकऱ्याने पैसे मोजलेले असतात, पण त्या खतातला जेमतेम तिसरा हिस्सा भाताच्या पोटात जातो. उरलेले जाते कुठे? हे समजायला आधी माती पाहिली पाहिजे.

सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. लाखो वर्षे असे धुतले गेल्यावर खडकातील चुना, मॅग्नेशियम, पालाश आणि बरीचशी सिलिका वाहून गेली. मागे उरली लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे. हाच आपला जांभा. त्याच्या मातीतील चिकणकण मुख्यतः केओलिनाइटचे. देशावरच्या काळ्या मातीच्या कणांवर ऋण विद्युत्‌भार भरपूर असतो, त्यामुळे अमोनियम, पोटॅशियम असे धनभारित आयन तिथे धरून ठेवले जातात. केओलिनाइटची ही शक्ती कित्येक पटींनी कमी. इथे अन्न साठवण्याचे बरेचसे काम कुजलेल्या सेंद्रिय पदार्थावर येऊन पडते. जुन्या लोकांनी शेणखताला आणि पालापाचोळ्याला दिलेले महत्त्व निव्वळ रूढीपोटी नव्हते. मात्र कवळ तोडून राब भाजण्याची चाल मला तितकीशी पटत नाही. राखेतून पालाश आणि चुना मिळतो, तण जळते हे खरे. पण पाल्यातला बहुतेक नत्र धुरावाटे निघून जातो.

स्फुरदाची कथा उलटी आहे. ते वाहून जात नाही. लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे त्याला इतके घट्ट धरतात की मुळांना मिळत नाही. गंमत अशी की खाचरात पाणी साचले की मातीतला ऑक्सिजन संपतो, फेरिक लोहाचे फेरस होते, ते विरघळते आणि त्याने बांधलेले थोडे स्फुरद सुटते. त्यामुळे मळ्यातले भात निभावून नेते, पण तशाच मातीत वर भरडावरची नाचणी उपाशी राहते.

आता नत्राकडे वळू. मातीतील युरिएज या विकरामुळे युरियापासून अमोनियम तयार होते. खाचराच्या पाण्यातले शेवाळ दुपारी प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, पाण्याचा सामू वाढतो आणि अमोनियमचा अमोनिया होऊन हवेत उडतो. चिखलाच्या अगदी वरच्या पातळ थरात ऑक्सिजन असतो. तिथले जीवाणू उरलेल्या अमोनियमचे नायट्रेट करतात. ते खाली ऑक्सिजन नसलेल्या थरात झिरपले की दुसरे जीवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून टाकतात. यावर जोरदार सर आली तर बांधावरून जाईल ते वेगळेच.

म्हणजे या जमिनीत खत किती दिले याइतकेच ते कुठे ठेवले, यालाही महत्त्व आहे. अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात युरियाच्या गोळ्यांवर काम केलेले डॉ. एन. के. सावंत यांनी कोकणासाठी चारसूत्री भातशेती मांडली, तिचा गाभा हाच. भाताचे तूस-पेंढा शेताला परत करणे, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणे, नियंत्रित अंतरावर लावणी आणि चौथे सूत्र, युरिया-डीएपीची गोळी खोल खोचणे. ओळींतले आणि चुडांतले अंतर आळीपाळीने १५ आणि २५ सेंटिमीटर ठेवायचे. जवळजवळच्या चार चुडांच्या मध्ये २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल घालायची. तिथे ऑक्सिजन नाही, त्यामुळे अमोनियम अमोनियमच राहते आणि मुळांना हळूहळू मिळते.

यातली आकडेमोड वर्गात घालण्याजोगी आहे. ४० सेंटिमीटर बाजूच्या चौरसाला एक गोळी. म्हणजे गुंठ्याला सुमारे ६२५ गोळ्या, १.७ किलो खत. गोळीत ६० टक्के युरिया (नत्र ४६ टक्के) आणि ४० टक्के डीएपी (नत्र १८ टक्के). गुंठ्याला नत्र किती पडला? सुमारे ५९० ग्रॅम.

बांगलादेशात अशाच युरियाच्या गोळ्यांना ‘गुटी युरिया’ म्हणतात. पश्चिम आफ्रिकेतील नायजर, मालीसारख्या देशांत निराळी युक्ती निघाली. तिथे रेताड, स्फुरदाची वानवा असलेली जमीन आणि खताला पैसा नाही. मग ज्वारी-बाजरीच्या प्रत्येक खळग्यात शीतपेयाच्या बाटलीच्या झाकणाने मोजून, किंवा तीन बोटांच्या चिमटीने, थोडेसेच खत द्यायचे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेचे शास्त्रज्ञ या कामात होते.

मग कोकणात सगळ्यांनी गोळी का उचलली नाही? वाकून शेकडो गोळ्या खोचायला माणसे लागतात आणि घरचे तरुण मुंबईला. लावणी ओळीतच हवी. शिवाय पावसाळी हवेत युरियाला पाणी सुटते, त्यामुळे गोळ्या हवाबंद ठेवाव्या लागतात. पीक वाढत असूनही मजुरीचा हिशेब जमत नसेल, तर शेतकऱ्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही.

प्रयोगशाळेत हे दाखवता येते. तीन बरण्यांत शेतातली ओलसर माती घ्या. पहिलीत चमचाभर युरिया वर पसरा, दुसरीत तो १० सेंटिमीटर खोल पुरा. तिसरीतली माती आधी तव्यावर चांगली भाजून, गार करून, पाणी शिंपडून घ्या आणि युरिया वर पसरा. तिन्ही झाकणांना आतून ओला तांबडा लिटमस चिकटवा, बरण्या घट्ट बंद करा आणि रोज पाहा. कोणता कागद आधी निळा होतो, आणि भाजलेल्या मातीत उशीर का लागतो, याची कारणे मुलांनाच शोधू द्या.