फॅटचे माप विद्यापीठातून गावच्या डेअरीत कसे आले?



संस्थेत दूध घातल्यावर आपल्या हातात एक चिठ्ठी पडते. तिच्यावर लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर असे आकडे असतात. लिटरचे माप आपण डोळ्यांनी पाहू शकतो. फॅटचा आकडा मात्र बहुतेक जण विश्वासावर घेतात. घरातील दुधाचे पैसे तर याच आकड्यावर ठरतात. समजा, आपण रोज १० लिटर दूध घालता आणि फॅट ६.५ ऐवजी ६.० लागली. हा फरक दिसायला किरकोळ आहे, पण दररोज सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे महिन्याला दीड किलो फॅटचे पैसे आपल्याला कमी मिळतात. म्हणून ही चाचणी कोठून आली, ती कशी करतात आणि त्या वेळी काय पाहावे, हे प्रत्येक दूध उत्पादकाने समजून घेणे जरुरीचे आहे. "विद्यापीठाच्या संशोधनाचा आम्हाला काय उपयोग?" या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे.

फॅट मोजण्यापूर्वीची स्थिती

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पूर्वी गव्हाचे पीक मोठे होते. जमिनीचा कस उतरला, किडींचा उपद्रव वाढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील शेतकरी दुग्धव्यवसायाकडे वळले. लोणी आणि चीज तयार करणाऱ्या कारखान्यांना ते दूध घालत आणि पैसे वजनावर मिळत. त्यामुळे सकस दुधाला आणि पाणी घातलेल्या किंवा साय काढलेल्या दुधाला एकच भाव होता. चांगली जनावरे सांभाळून प्रामाणिकपणे दूध घालणारा शेतकरीच तोट्यात जाई.

लॅक्टोमीटर त्या वेळीही होता. पण लॅक्टोमीटर दुधाची केवळ घनता दाखवतो. दूध पाण्यापेक्षा जड आणि साय दुधापेक्षा हलकी असते. दुधात पाणी घातले की डिग्री उतरते आणि साय काढली की डिग्री चढते. दोन्ही गोष्टी बेताने केल्या, तर डिग्री बरोबर येते आणि भेसळ झाकली जाते. प्रयोगशाळेत फॅट अचूक काढता येई, परंतु त्यासाठी रसायनशास्त्रज्ञ, नाजूक तराजू आणि बराच वेळ लागे. दररोज दूध घेणाऱ्या कारखान्याला ते शक्य नव्हते.

बॅबकॉक चाचणी

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या कृषि संशोधन केंद्रातील रसायनशास्त्रज्ञ स्टीफन बॅबकॉक यांनी हा प्रश्न हाती घेतला. दुधातील फॅट सूक्ष्म थेंबांच्या रूपात पसरलेली असते आणि प्रथिनांमुळे ते थेंब एकत्र येत नाहीत. तीव्र गंधकाम्लाने प्रथिने विरघळवून मिश्रण यंत्रात वेगाने फिरवले, तर हलकी फॅट वेगळी होऊन वर येते. खुणा केलेल्या बारीक मानेच्या बाटलीत ती गोळा केली, की टक्केवारी सरळ वाचता येते. यात तराजूची गरज नाही आणि थोडे शिक्षण घेतलेला कोणीही मनुष्य काही मिनिटांत चाचणी करू शकतो.

विद्यापीठाच्या गोठ्यातील एका गायीच्या दुधाचे आकडे सुरुवातीला जुळत नव्हते. ते जुळेपर्यंत बॅबकॉक यांनी पद्धत जाहीर करू दिली नाही, अशी हकीकत सांगतात. अखेर जुलै १८९० मध्ये केंद्राच्या पत्रिकेत ती छापण्यात आली. बॅबकॉक यांनी तिचे पेटंट घेतले नाही, त्यामुळे कोणालाही परवानगी न मागता ती वापरता आली.

या चाचणीने दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे पैसे फॅटवर मिळू लागले आणि पाणी घालण्यातला फायदा संपला. दुसरी म्हणजे कोणते जनावर खरोखर परवडते, हे कळू लागले. उदाहरणार्थ, एक म्हैस रोज ८ लिटर दूध ६ टक्के फॅटचे देते, तर दुसरी ७ लिटर दूध ७.५ टक्के फॅटचे देते. पहिलीची फॅट सुमारे ४८० ग्रॅम आणि दुसरीची सुमारे ५२५ ग्रॅम भरते. केवळ लिटर पाहणारा पहिली म्हैस पसंत करील, पण हिशेब दुसरीच्या बाजूने आहे.

ही पद्धत आपल्याकडे

पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, स्वित्झर्लंडचे निकोलस गर्बर यांनी याच तत्त्वावर आपली पद्धत काढली. आपल्या देशातील डेअऱ्यांत ही गर्बर पद्धत रूढ झाली. खेडा जिल्ह्यातील सहकारी दूध संघाने, म्हणजेच १९४६ साली स्थापन झालेल्या अमूलने, गावपातळीवर प्रत्येक सभासदाचे दूध तपासून पैसे देण्याची पद्धत रुजवली. १९७० पासून ऑपरेशन फ्लड अर्थात दूध महापूर योजनेमधून या धर्तीच्या संस्था देशाच्या अनेक भागांत उभ्या राहिल्या. आज बऱ्याच संस्थांत काही सेकंदांत फॅट दाखवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आहेत. परंतु यंत्र बरोबर चालते की नाही, हे ठरवण्यासाठी त्याचे आकडे गर्बर पद्धतीशीच ताडून पाहतात.

गर्बर चाचणीची कृती

ब्यूटायरोमीटरमध्ये प्रथम १० मिलि गंधकाम्ल घेतात. त्यावर १०.७५ मिलि दूध नळीच्या कडेने हळू सोडतात आणि १ मिलि अमाइल अल्कोहोल घालतात. बूच घट्ट लावून मिश्रण एकजीव होईपर्यंत हलवतात. नंतर नळी मिनिटाला सुमारे ११०० फेऱ्यांच्या वेगाने ५ मिनिटे फिरवतात, ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ५ मिनिटे ठेवतात आणि फॅटचा स्तंभ वाचतात. गंधकाम्ल कातडी व डोळे जाळते, म्हणून ही चाचणी घरी करू नये.

दूध उत्पादकांनी लक्षात ठेवावयाच्या बाबी

१) पहिल्या धारेत फॅट सर्वांत कमी आणि शेवटच्या धारेत सर्वांत जास्त असते. म्हणून कास पूर्ण मोकळी करावी. शेवटचे दूध वासरासाठी मागे ठेवल्यास डेअरीत फॅट कमी लागणारच.

२) ठेवलेल्या दुधावर साय चढते. नमुना घेण्यापूर्वी दूध चांगले ढवळावे किंवा एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून एकसारखे करावे. वरचे किंवा तळाचे दूध नमुना म्हणून देऊ नये आणि घेऊ देऊ नये.

३) फॅटचा स्तंभ पारदर्शक व पिवळसर असावा. त्यात काळे कण दिसल्यास ॲसिड जास्त तीव्र किंवा दूध जास्त गरम होते असे समजावे. पांढरे कण दिसल्यास ॲसिड सौम्य किंवा हलवणे अपुरे होते असे समजावे. दोन्ही वेळा चाचणी पुन्हा करण्यास सांगावे.

४) इलेक्ट्रॉनिक यंत्र शेवटचे केव्हा तपासले, हे संस्थेच्या सचिवांना विचारावे. असे विचारणे हा भांडणाचा विषय नाही, तो सभासदाचा हक्क आहे.

५) रोजची फॅट वहीत लिहून ठेवावी. चारा, पेंड किंवा जनावराच्या वितात बदल नसताना फॅट एकाएकी उतरली, तर त्याच दुधाचा नमुना दुसरीकडे तपासून घ्यावा.

प्रश्न शेतकऱ्याचा, उत्तर विद्यापीठाचे

याच विद्यापीठातील आणखी एक हकीकत. फेब्रुवारी १९३३ मध्ये एक शेतकरी हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर प्रवास करून तेथे आला. बरोबर मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताचा कॅन आणि स्वीट क्लोव्हर नावाच्या पिकाचा बुरसटलेला चारा होता. त्याची जनावरे रक्तस्राव होऊन मरत होती. कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षे खपून १९३९ मध्ये त्या चाऱ्यातील विषारी घटक वेगळा केला. त्यावरून वॉरफरिन तयार झाले. ते १९४८ मध्ये उंदीरनाशक म्हणून आणि १९५४ पासून माणसांचे औषध म्हणून वापरात आले. आपण उंदरांसाठी वापरतो ते ब्रोमॅडिओलोन याच कुळातील आहे. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून कित्येक रुग्ण वॉरफरिन घेतात. या औषधाचे पेटंट मात्र विद्यापीठाशी संलग्न प्रतिष्ठानाने घेतले आणि त्याचे उत्पन्न पुढील संशोधनाकडे वळवले.

बंधू-भगिनींनो, या दोन्ही कामांची सुरुवात शेतकऱ्याच्या अडचणीतून झाली. आपल्या राज्यातही राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे १९६८ ते १९७२ या काळात कृषि विद्यापीठे स्थापन झाली. त्यांचे संशोधन जनतेच्या पैशातून चालते, तेव्हा त्यावर आपला हक्क आहे. पण हा हक्क बजावण्यासाठी प्रश्न विद्यापीठापर्यंत पोचला पाहिजे. रोगट झाड, कीड लागलेले कणीस, शंकास्पद चारा असे काहीही आढळले, तर नमुना आणि त्याची तारीखवार नोंद घेऊन जवळचे कृषि विज्ञान केंद्र गाठावे. "पीक बिघडले" एवढेच सांगितल्याने निदान होत नाही. पेरणी केव्हा केली, पाणी व खत किती दिले, लक्षण प्रथम कोठे दिसले, ही माहिती सोबत असावी. आपण नीट मांडलेला प्रश्न हे संशोधनाचे पहिले पाऊल असते. आणि संशोधनाचे उत्तर मिळाले, की ते आपल्यापुरते न ठेवता शेजारच्या शेतकऱ्यालाही सांगावे.