साल्झबुर्गच्या गल्लीत मान वर करून चाला!

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला गेलात, तर गेट्राइडेगासे चुकवू नका. शब्दशः अर्थ धान्यगल्ली! रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना उंच जुनी घरं, आणि डोक्यावर लोखंड ठोकून घडवलेल्या नक्षीदार पाट्या. पूर्वी फार थोड्या लोकांना वाचता यायचं, त्यामुळे दुकान चित्रावरून ओळखायचं: बूट दिसला की चांभार, किल्ली दिसली की कुलूपवाला. ही रीत आजही टिकून आहे. मॅकडोनाल्ड्सचीसुद्धा पाटी इथे त्याच थाटात लटकते!

९ नंबरच्या पिवळ्या घरासमोर गर्दी दिसेलच. २७ जानेवारी १७५६ रोजी संगीतकार मोझार्टचा जन्म याच घरात, तिसऱ्या मजल्यावर झाला. १८८० पासून तिथे संग्रहालय आहे.

पण खरी गंमत घरांच्या पोटातून जाणाऱ्या बोळांत. कमानीतून आत शिरा. छोटे चौक, शांत दुकानं लागतात. मोझार्टच्या घरामागे विद्यापीठ चौकात भाजीबाजार भरतो, तिथे पोटपूजा उरकून घ्या.

📌 सकाळी लवकर जा, दुपारी पाय ठेवायला जागा नसते.
📌 खरेदी करायची असेल तर रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात.

तुम्हाला आवडलेली अशी एखादी गल्ली कोणती?