जायफळाच्या बेटावरील खरेदी

विंडवर्ड बेटांपैकी सर्वांत दक्षिणेकडील ग्रेनेडाच्या सेंट जॉर्जेस बंदरात प्रवासी जहाज लागले, म्हणजे धक्क्यालगतच्या दुकानांतून बेटाचे नाव छापलेल्या सदऱ्यांची आणि शोभेच्या वस्तूंची जी आरास दिसते, ती मागे टाकून काही मिनिटांच्या अंतरावरील मार्केट स्क्वेअरपर्यंत जो चालत जाईल, त्यालाच या भूमीने काय पिकविले आणि येथील माणसांनी त्याचे काय केले, याचा प्रत्यय येईल. शनिवारी हा बाजार विशेष गजबजतो. मसाल्याच्या टोपल्या मांडून बसलेल्या विक्रेत्या स्त्रियांपाशी दालचिनीची जाड साल, लवंग, हळद, तमालपत्राच्या जातीची पाने आणि हे सारे दोऱ्यात ओवून केलेल्या माळा मुबलक असतात. परंतु अग्रमान जायफळाचा, आणि तो इतका निर्विवाद की १९७४ साली स्वातंत्र्य मिळाल्यावर या राष्ट्राने आपल्या ध्वजावरही जायफळच अंकित केले.

हा वृक्ष मूळचा इंडोनेशियातील बांदा बेटांचा. ग्रेनेडात तो १८४३च्या सुमारास आला, आणि गुलामगिरीच्या उच्छेदानंतर उसाचे मळे खालावत गेले असता लहान बागायतदारांच्या संसाराला त्याने आधार दिला. पिकलेले पिवळे फळ आपोआप उकलते, आत काळसर कवचाभोवती लाल भडक जायपत्रीचे जाळे दिसते, आणि वाळताना ते नारिंगी-पिवळे होत जाते. ग्वाव्ह गावच्या जुन्या लाकडी वखारीत, १९४७ साली स्थापन झालेल्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेच्या देखरेखीखाली, कवच फोडलेली जायफळे पाण्यात सोडतात. बुडेल ते अव्वल दर्जाचे, तरंगेल ते हलक्या प्रतीचे. ग्राहकाने मात्र कवचासहितच जायफळ घ्यावे आणि कानाशी धरून हलवून पाहावे, कारण आतील गर नीट वाळून आकसला असेल तरच ते खुळखुळते, आणि कवचात त्याचा सुगंध दीर्घकाळ टिकतो.

एका जायफळाची किंमत येथे क्षुल्लक वाटली, तरी ती देताना घासाघीस करू नये असे मला मनापासून वाटते. इंडोनेशियाच्या खालोखाल जगात दुसरे स्थान मिळविलेल्या या बेटावर ७ सप्टेंबर २००४ रोजी आयव्हन हे चक्रीवादळ कोसळले आणि जायफळाची बहुतांश झाडे त्याने उन्मळून टाकली. पुढील जुलैत एमिली वादळ आले. रोपाला फळ धरण्यास सहा ते आठ वर्षे लागतात, त्यातही झाड नर की मादी हे बहुधा फुलोरा येईपर्यंत उमगत नाही, आणि त्यामुळे ते पूर्वीचे उत्पादन बेटाला अद्यापि गाठता आलेले नाही.

फळाच्या मांसल भागाचा मुरंबा, जेली आणि पाक हा येथील दुसरा जिन्नस. कोकणातील ज्या घरांत नारळी-पोफळीच्या आगरात जायफळ लावलेले आहे आणि त्याच्या सालीचे लोणचे घातले जाते, त्यांना ही चव परकी वाटणार नाही. एरव्ही श्रीखंडात नि पुरणात गर किसून घालणाऱ्या आपल्या बहुसंख्य गृहिणींना या फळाचा तो भाग दिसतच नाही.

कोकोच्या बाबतीत माझा आग्रह अधिक आहे. वसाहतीच्या काळात बी येथून जाई आणि चॉकलेट परदेशी बने; ग्रेनेडा चॉकलेट कंपनीने १९९९ साली ही रीत उलटवून, झाड जेथे वाढते तेथेच वडी तयार करण्यास प्रारंभ केला. त्या वडीबरोबरच बाजारातील कोकोचे गोळेही अवश्य घ्यावेत: भाजलेले बी मसाल्यासह वाटून वळलेला हा गोळा दुधापाण्यात उकळला, की बेटावरील घरोघरचे न्याहारीचे पेय तयार होते.

रिव्हर अँटोईनच्या भट्टीत १७८५ पासून रम गाळली जाते आणि पाणचक्कीवर अद्याप ऊस पिळला जातो. मात्र तेथील कडक रम विमानातून नेता येत नाही, कारण ७० टक्क्यांहून अधिक मद्यार्काला तेथे मज्जाव आहे. प्रवाशाने ६९ टक्क्यांचीच बाटली मागावी. कासवाच्या कवचाचे अलंकार मात्र कोणी कितीही स्वस्त देऊ केले तरी घेऊ नयेत: समुद्री कासवांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे, आणि जकातीच्या चौकीवर असा जिन्नस जप्त होतो.