नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

पालघर जिल्ह्यातील मुरबे हे खाडीकाठी वसलेले गाव आहे. खाडीच्या पैलतीरी सातपाटी हे मासेमारीसाठी प्रसिद्ध असलेले गाव दिसते. या खाडीकाठी उभे राहिले, की पाण्यावर डुलणाऱ्या नावा दृष्टीस पडतात. मराठी भाषेची गंमत अशी, की पाण्यावर चालते तीही ‘नाव’ आणि आपण ज्या शब्दाने माणसाला हाक मारतो तेही ‘नाव’च! या दोन शब्दांची मुळे निराळी आहेत. तरी त्यांच्यात एक साम्य आहे. रिकामी नाव पाण्यावर हलकी तरंगते. ती जड होते तीत भरलेल्या मालाने. माणसाचे नाव तरी काय? दोनचार अक्षरे! त्यांना वजन येते ते लोकांनी त्यांत भरलेल्या आठवणींनी, कथांनी आणि समजुतींनी.

कैकेयी या शब्दाचा अर्थ केकय देशाची राजकन्या एवढाच आहे. त्यात वाईट असे काहीच नाही. तथापि, आपल्या मुलीचे नाव कैकेयी ठेवणारे आईबाप सहसा आढळत नाहीत. रामाला वनात पाठविणारी राणी त्या नावाबरोबर मनात उभी राहते, हेच त्याचे कारण. याउलट यमुना, गोदावरी, भागीरथी ही पवित्र नद्यांची नावे. आपल्या आजी-पणजींना ती मोठ्या प्रेमाने ठेवलेली असत. आज तीच नावे कोणी ‘जुनाट’ म्हणून हसण्यावारी नेतात. नद्या बदलल्या नाहीत, अक्षरेही बदलली नाहीत. बदलला तो ऐकणाराचा कान.

एकाच नावाशी दोन अगदी विरुद्ध आठवणीही जोडलेल्या असतात. ‘आनंदी’ हे नाव पाहा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्यांची चुलती आनंदीबाई हिने पत्रातील ‘धरावे’ या शब्दाचा ‘मारावे’ असा बदल केला, अशी कथा लोकांत रूढ आहे. सर्वच इतिहासकार ती खरी मानीत नाहीत. पण ‘ध’ चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार भाषेत राहिला आणि त्या नावावर कपटाची छाया पडली.

पुढे ३१ मार्च १८६५ रोजी यमुना नावाची एक मुलगी जन्मास आली. विवाहानंतर तिचे नाव आनंदी ठेवण्यात आले. हीच डॉक्टर आनंदीबाई जोशी. समाजाची निंदा सोसून ती सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत गेली आणि १८८६ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवीधर झाली. वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच तिचे निधन झाले. परंतु आनंदी हे नाव ऐकताच आज अनेकांना तिचे धैर्य आठवते.

केवळ शब्दार्थावरून नावामागील भावना कळतेच असे नाही. पूर्वी ज्या घरात मुले जगत नसत, तेथे नव्या बाळाचे नाव मुद्दाम दगडी, धोंडी असे ओबडधोबड ठेवीत. अशा बाळाला दृष्ट लागणार नाही आणि ते वाचेल, अशी भोळी समजूत त्यामागे होती. नाव दगडाचे, पण ठेवणाराचे हृदय मायेचे!

मात्र ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ हे नाव तसे नव्हे. मुलगा व्हावा अशी इच्छा असता मुलगीच झाली, म्हणून काही घरांत हे नाव ठेवीत. कल्पना करा, शाळेत रोज हजेरीच्या वेळी ‘मी नको आहे’ या अर्थाच्या शब्दाला त्या मुलीने ‘हजर’ म्हणावयाचे! तिच्या मनाला काय वाटत असेल? ही खंत जाणून सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये एक समारंभ झाला आणि अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. नाव बदलल्याने मुलगी बदलली नाही, ती पूर्वीही तितकीच गुणी होती. परंतु दुसऱ्यांनी तिच्यावर लादलेले ओझे उतरले.

आपल्या भाषेत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ असे दोन प्रयोग आहेत. पहिल्याचा अर्थ बारसे करणे, दुसऱ्याचा दोष काढणे. बारशाच्या दिवशी बाळाला कोणी विचारीत नाही. म्हणून जे नाव आपण निवडलेले नाही, त्यासाठी कोणालाही हिणविणे अन्यायाचे आहे. तुमच्या वर्गात एखादीचे नाव जुने किंवा अपरिचित वाटले, तर हसू नका. ते कसे ठेवले, हे तिला आपुलकीने विचारा. त्या लहानशा नावेत कोणाच्या आजीची आठवण, कोणाचा नवस, कोणाच्या गावची नदी भरलेली आढळेल. आणि तुमच्या स्वतःच्या नावेत पुढे कोणता माल भरावयाचा, हे मात्र तुमच्याच हाती आहे.