जुना लॅपटॉप रेंज पकडतो, मग नव्याला काय धाड भरली?

ग्रामपंचायतीत नवा लॅपटॉप येतो, नारळ फुटतो आणि चार दिवसांत कुरकुर सुरू होते. "जुन्या डब्याला भिंतीपलीकडे रेंज येत होती, ह्याला येत नाही." याच्या नेमकी उलट तक्रारही तितकीच ऐकू येते. शेजारच्या पोराच्या नव्या लॅपटॉपवर सातबारा झटक्यात उघडतो आणि कार्यालयाच्या जुन्या यंत्रावर नुसते चक्र फिरत राहते. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांची कारणे वेगळी आहेत. ती न तपासताच खरेदीचा ठराव झाला की पैसे जातात, आणि रोज बुडवून दाखल्यासाठी आलेला माणूस "रेंज नाही, उद्या या" हे ऐकून परत जायचा तो जातोच.

भारतनेटची फायबरची तार ग्रामपंचायतीच्या पेटीपर्यंत येते. पेटीपासून लॅपटॉपपर्यंतचे शेवटचे वीस-तीस फूट वाय-फायचे असतात. वरची लाईनच तुटली असेल तर जुना काय नि नवा काय, दोघेही सारखेच. इथे बोलायचे आहे ते या तीस फुटांबद्दल.

लॅपटॉपचा अँटेना बाहेरून दिसत नाही. बहुतेक यंत्रांत तो पडद्याच्या चौकटीत बारीक पट्टीच्या रूपाने बसवलेला असतो आणि तिथून दोन पातळ तारा बिजागरीतून खाली वाय-फायच्या कार्डापर्यंत येतात. प्लास्टिकच्या जुन्या लॅपटॉपात ही जागा मोठी सोयीची होती. अँटेना उंचावर, आणि प्लास्टिकमधून लहरी आरपार. धातूची बॉडी आली आणि घोटाळा झाला. २००१ साली ॲपल कंपनीने टायटॅनियमचा पॉवरबुक काढला. दिसायला देखणा, किंमत भारी, पण रेंजच्या बाबतीत त्याच कंपनीचा स्वस्त, प्लास्टिकचा आयबुक त्याच्या पुढे असे. पुढे २००३ च्या ॲल्युमिनियमच्या मॉडेलात अँटेनाची जागा बदलून पडद्याच्या बाजूंना नेली, तेव्हा सुधारणा झाली. महागडा बैल शर्यत जिंकतोच असे नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. हल्लीच्या धातूच्या यंत्रांत अँटेनासाठी प्लास्टिकची फट ठेवतात, पण सगळ्यांनी ती सारख्याच अकलेने ठेवलेली नसते.

तरीही आजच्या तक्रारींचे मोठे कारण बॉडी नाही, पट्टा आहे. वाय-फाय प्रामुख्याने दोन पट्ट्यांवर चालते. एक २.४ गिगाहर्ट्‌झचा, दुसरा ५ चा. आपल्याकडे पहिला २००५ पासून विनापरवाना खुला आहे, तर दुसऱ्याचा मोठा भाग २०१८ मध्ये खुला झाला. पाचच्या पट्ट्यावर वेग जास्त, पण दम कमी. तेवढ्याच ताकदीने, तेवढ्याच अंतरावर सोडलेल्या लहरीचा २.४ च्या मानाने चौथा हिस्साच पोहोचतो, कधी त्याहूनही कमी. दोन फुटी दगडी भिंत मध्ये आली तर विचारूच नका. जुन्या लॅपटॉपला बहुधा २.४ च दिसतो, म्हणून तो बिचारा लांबून का होईना टिकून राहतो. नव्याला दोन्ही दिसतात. तो वेगाच्या मोहाने पाचला चिकटतो आणि पलीकडच्या खोलीत गेला की मान टाकतो. अशा वेळी राऊटरवर दोन पट्ट्यांना दोन वेगळी नावे द्यावीत आणि लांब बसणाऱ्याने २.४ चे नाव निवडावे. याला एक पैसा लागत नाही.

आता उलट बाजू. १९९९ च्या पद्धतीत वेग कागदोपत्री ११ मेगाबिट होता, २००३ मध्ये ५४ झाला. २००९ च्या पद्धतीपासून एकाच वेळी अनेक अँटेनांनी ऐकण्याची सोय आली. म्हणजे नवे यंत्र दोन कानांनी ऐकते. म्हणूनच दोघांच्या पडद्यावर काड्या सारख्या असूनही नव्यावर पान उघडते आणि जुन्यावर अडते. शिवाय जुने यंत्र दुसऱ्यांनाही थांबवते. एकेरी पुलावर उसाची बैलगाडी चढली की मागची एसटी काय करणार?

काड्यांवर मात्र विसंबू नये. किती रेंजला किती काड्या दाखवायच्या, हे जो तो बनवणारा आपापले ठरवतो. खरी ताकद उणे आकड्यात मोजतात. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत काम चालते, उणे ८० ला जवळपास बोंब. जुन्या-नव्याची तुलना करायची तर दोन्ही यंत्रे एकाच टेबलावर, एकाच नावाला जोडून आणि दोन्ही चार्जरवर ठेवून करावी. बॅटरीवर असताना पुष्कळ यंत्रे वीज वाचवण्यासाठी वाय-फायचा जोर कमी करतात.

जुन्या यंत्राची रेंज अचानक गेली असेल तर आधी आठवावे, नुकतेच दुरुस्तीला दिले होते का? पंखा साफ करताना किंवा बिजागरी बदलताना अँटेनाच्या तारेचे ते इवलेसे टोपण नीट बसत नाही. राऊटरशेजारी यंत्र चालते आणि दहा फुटांवर मरते, ही त्याची खूण. टोपण दाबून बसवले की काम झाले. काही जुन्या यंत्रांना कडेला वाय-फायचे बटणही असते, ते धक्क्याने बंद पडलेले सापडते.

कार्यालयाची मांडणीही बघा. दप्तराने भरलेल्या लोखंडी कपाटामागे राऊटर ठेवून रेंजची अपेक्षा करणे म्हणजे विहिरीत उतरून हाक मारण्यासारखे आहे. तो उघड्यावर, डोक्याएवढ्या उंचीवर हवा. पत्र्याची आडभिंत आणि पावसाळ्यात भिजलेली भिंत लहरी अडवते, हेही ध्यानात असू द्या.

जुन्या यंत्राला यूएसबीचा छोटा वाय-फाय अडॅप्टर लावला की त्याला नवे कान मिळतात, आणि हा खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने किरकोळ आहे. मात्र विंडोज ७ ची सुरक्षा २०२० मध्ये आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. डिजिटल सही आणि पैशाचे काम अशा यंत्रावर करू नये, मग रेंज कितीही असो. तिथे नवे घ्यावेच लागेल.

आणि घेताना एक बघा. जे यंत्र टेबलावरून हलतच नाही, त्याला वाय-फाय हवे कशाला? लॅनची तार शंभर मीटरपर्यंत व्यवस्थित चालते. पण नव्या पातळ लॅपटॉपांपैकी अनेकांना त्या तारेचे भोकच नसते. तेव्हा त्याचा जोड दरपत्रकातच मागून घ्यावा.