आधी सुपारीचं बोलू

या आठवड्यात बोटॉक्सची मात्रा, टोचायच्या जागा आणि खर्च असा सगळा हिशेब मांडायचं ठरलं होतं. तो पुढं ढकलतोय. कारण उदगीरहून आलेलं एक पत्र.

पत्र एका शाळामास्तरांचं आहे. उजव्या कानाच्या पुढं दुखतं, सकाळी जबडा आखडलेला असतो, जांभई देताना हनुवटी हातानं धरावी लागते. कानाच्या डॉक्टरांनी कान स्वच्छ असल्याचं सांगितलं. दातांच्या डॉक्टरांनी अक्कलदाढ काढली. दुखणं आहे तिथंच. मग पुण्याच्या मेहुण्यांनी सुचवलं, “जबड्याच्या सांध्यात बोटॉक्स घ्या, चार दिवसांत मोकळे व्हाल.” मास्तर विचारतात, सांध्यात बोटॉक्स देणारे डॉक्टर लातूरला भेटतील की हैदराबाद गाठावं? आणि सहीच्या वर, जाता जाता, एक ओळ: “व्यसन काही नाही. जेवणानंतर सुपारी तेवढी. तंबाखू नाही.”

मेहुण्यांच्या सल्ल्यातली पहिली दुरुस्ती अशी, की बोटॉक्स सहसा सांध्यात देत नाहीत. ते जातं स्नायूत. हे औषध काय करतं ते थोडक्यात. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन सुटतं तेव्हा स्नायू आकसतो. टॉक्सिन ते सुटू देत नाही. बस्स, एवढंच त्याचं मुख्य काम. सांध्यात हाडाची डोकी आहेत, मध्ये चकती आहे, वंगणाचं पाणी आहे. आकसणारं काही नाही. तिथं हे औषध ओतून कुणाला थांबवणार? गाडी कुरकुरते म्हणून बैलाला औषध पाजायचं की आसाला वंगण घालायचं, हे आधी ठरवावं लागतं. बोटॉक्स हे बैलाचं औषध आहे.

सांध्यातही सुई जाते, पण ती बहुधा धुण्यासाठी. 1991 साली इस्रायलच्या डॉरिट नित्झान यांनी जबडा एकाएकी अडकलेल्या रुग्णांचा सांधा दोन सुयांनी नुसता धुऊन काढला, आणि बऱ्याच जणांची तोंडं उघडली. आपल्याकडचे मुखशल्यचिकित्सकही हे करतात. जबडा वारंवार निखळणाऱ्या माणसाला कधी कधी बोटॉक्स देतात, पण तेही सांध्याला पुढं ओढणाऱ्या आतल्या स्नायूत. म्हणजे पुन्हा बैलच.

तेव्हा दुखतंय कोण, याची घरच्या घरी चाचपणी करा. दोन्ही तळवे गालांवर, जबड्याच्या कोपऱ्याशी ठेवा आणि दाढा घट्ट आवळा. तळव्याखाली जो गठ्ठा टरारून वर येतो तो मॅसेटर. आता बोटं कानशिलावर ठेवून तसंच करा. तिथं हलतो तो टेम्पोरॅलिस. दाढा सैल सोडून हे दोन्ही स्नायू बोटानं दाबा. “हेच, हेच ते दुखणं” असं तोंडातून निघालं तर दुखणं बहुतेक स्नायूचं. मग आरशात जीभ बघा. कडेला दातांचे ठसे उमटलेत का? गालाच्या आतून, दातांच्या रेषेत पांढरी रेघ उठलीय का? या दोन खुणा दिसल्या तर दाढा आवळायची सवय असण्याचा संभव बराच.

आता करंगळी कानाच्या छिद्राच्या पुढं, कल्ल्याच्या केसांपाशी ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. आधी हाडाचं डोकं जागच्या जागी फिरतं, मग पुढं घसरतं. घसरताना कट्कन वाजलं, तर चकती जागेवरून सरकून परत बसतेय. नुसतं वाजत असेल आणि दुखत नसेल तर काही करू नका. वाजणाऱ्या जबड्यांची माणसं पोत्यानं सापडतील, आणि त्यातली बहुतेक ऊस दातांनी सोलून खातात. पण एखाद्या सकाळी वाजणं बंद झालं, तोंड उघडेना आणि उघडताना हनुवटी दुखऱ्या बाजूला वळायला लागली, तर चकती अडकलीय. ते काम सांधा पाहणाऱ्याचं, आणि लवकर पाहिलेलं बरं.

स्नायूच्या दुखण्याचं आपल्या भागातलं मोठं पीक लातूरला आणि नांदेडला शिकवण्यांच्या गल्ल्यांमध्ये आहे, असं माझं मत आहे. लातूर पॅटर्नचं कौतुक सगळे करतात, त्या पॅटर्नमधल्या दाढांकडं कुणी बघत नाही. अभ्यासिकेत चक्कर मारा. ‘नीट’ तोंडावर आलीय, पोरगी कोपर टेकून बसलीय, हनुवटी मुठीवर, नजर पुस्तकात, आणि गालाच्या कोपऱ्यावर तो गठ्ठा टिचटिच हलतोय. तिला विचारलं तर म्हणेल, “नाही हो, मी दात नाही खात.” झोपेत खाल्लेले दात खोलीतल्या मैत्रिणीला तरी ऐकू येतात, जागेपणी आवळलेल्या दाढांचा पत्ता कुणालाच लागत नाही. ओठ मिटलेले असताना वरच्या-खालच्या दातांत फट असायला हवी, हेही फार कमी जणांना माहीत असतं. आत्ता वाचताना तुमच्या दाढा टेकलेल्या आहेत का बघा.

अशा पोरीला बोटॉक्स द्यावं का? माझं उत्तर: पहिल्यांदा नाही. दिलं तर काय होतं ते सांगतो. तीन-चार दिवसांत ते लागू पडायला सुरुवात होते, दोन ते चार आठवड्यांत पुरता परिणाम दिसतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. तेवढ्या काळात चावायची ताकद कमी होते. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खावी लागते. चुकीच्या जागी थोडं जरी सांडलं तरी हसू एका बाजूला तिरकं होतं. आणि चावण्याचा जोर वारंवार काढून घेतला तर जबड्याचं हाड पातळ होत असल्याचं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. वय अठरा असताना हा विचार डॉक्टरांनी करायलाच हवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना हे देत नाहीत. मायस्थेनिया ग्रॅव्हिसच्या रुग्णांनी तर याच्यापासून लांबच राहावं.

‘बीएमजे’ या ब्रिटिश नियतकालिकात डिसेंबर 2023 मध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यावर मार्गदर्शक सूचना आल्या. ठाम शिफारस झाली ती साध्या गोष्टींची: तज्ज्ञाच्या देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम आणि ताण देणं, हातानं केलेले उपचार, मनावरचा ताण हाताळायला शिकवणारं समुपदेशन. बोटॉक्स ‘शक्यतो नको’च्या रकान्यात गेलं. रात्री दातांवर घालायचा प्लास्टिकचा गार्डही त्याच रकान्यात आहे, आणि तिथं माझं त्यांच्याशी पटत नाही. दुखणं राहो न राहो, दात झिजायचे तरी वाचतात. बोटॉक्सबाबत मात्र ते बरोबर आहेत. व्यायाम, शेक, सवय मोडणं हे सगळं काही महिने मनापासून करूनही मॅसेटर दगडासारखा राहिला, तर बोटॉक्सचा विचार करावा. त्याआधी इंजेक्शन सुचवणाऱ्याला विचारावं, “माझं दुखणं स्नायूचं आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं?”

आता मास्तरांची ती शेवटची ओळ. खरं सांगायचं तर पत्रातलं माझ्या मनात राहिलं ते तेवढंच. का, हे कळायला थोडा इतिहास लागेल.

जबड्याच्या इतिहासातल्या दोन मोठ्या गोष्टी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितल्यात. 1934 साली सेंट लुईसच्या जेम्स कॉस्टेन यांनी दाखवून दिलं, की कानात दडे, कानात आवाज, कानाजवळ ठणका या तक्रारींचं मूळ जबड्याच्या सांध्यात असू शकतं. म्हणून मास्तर आधी कानाच्या डॉक्टरांकडं गेले त्यात नवल नाही. जगभरातले रुग्ण तिकडूनच येतात. दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची. 1952 मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांची तोंडं आतून आवळत चालल्याचं नोंदवलं आणि त्याला एक लांबलचक लॅटिन नाव दिलं. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानी अशाच ताठ होत गेलेल्या रुग्णांवर लिहिलं, आणि ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव रूढ झालं. आज दंतवैद्यकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते पाठ असतं. नाव देणारा मुंबईचा डॉक्टर होता हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मी संधी मिळेल तिथं सांगतो.

या रोगात गालाच्या आतल्या नाजूक अस्तराखाली तंतू साठत जातात. आधी तिखट सहन होत नाही, ठेचा-भाकरी खाणारा माणूस वरण-भातावर येतो. मग गाल आतून पांढुरका, संगमरवरासारखा दिसायला लागतो. बोट घालून चाचपलं तर दोरीसारखे उभे पट्टे लागतात. मग तीन बोटं उभी मावणाऱ्या तोंडात दोनच मावतात, पुढं एकच. आणि याला मुख्य कारण सुपारी. गुटख्यातली तंबाखू वेगळे उद्योग करते; तोंड आवळायला सुपारी एकटी पुरते. “तंबाखू नाही, नुसती सुपारी” हे वाक्य आपल्याकडं निर्व्यसनीपणाचा दाखला म्हणून देतात, ती खरी अडचण आहे. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या अशा रुग्णांवर 17 वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा 7.6 टक्के लोकांना तोंडाचा कर्करोग झालेला आढळला.

महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. पण उदगीरहून बीदर किती लांब आणि देगलूरहून तेलंगणाची हद्द किती लांब, हे इथल्या वाचकाला मी सांगायला नको. टपरीवर काय मिळतं तेही नको.

अशा तोंडावर बोटॉक्सचा उपयोग नाही. तंतूंचे पट्टे काही मज्जातंतूचा हुकूम ऐकून आवळलेले नसतात. तिथं आधी सुपारी सुटावी लागते, मग तोंड उघडायचे व्यायाम, गालात द्यायची वेगळी इंजेक्शनं, फारच आवळलं असेल तर शस्त्रक्रिया. आणि दर काही महिन्यांनी तपासणी, ती चुकवायची नाही. ‘जबडा आखडलाय’ म्हणून बोटॉक्स घेतलं, चार महिने वाट बघितली, आणि आत पट्टे वाढत राहिले, असं होऊ नये म्हणून हा आठवडा खर्ची घातला.

मास्तर, तुम्हाला हैदराबादला जायची गरज नाही. लातूरला अंबाजोगाई रोडवर एमआयडीएसआर दंत महाविद्यालय आहे, नांदेडच्या बाजूला नांदेड रूरल डेंटल कॉलेज आहे. तिथं मुखशल्यचिकित्सा विभागात जा आणि सांध्याचं बोलायच्या आधी सुपारीचं सांगा. गाल आतून बोटानं तपासून घ्या. तुमचं दुखणं निव्वळ स्नायूचं निघेल अशी मला बरीच आशा आहे. सकाळचा आखडलेपणा तसाच वाटतो. पण ते तपासणाऱ्याला ठरवू द्या. सुपारी मात्र आजच बंद करा, त्यासाठी तपासणीची वाट बघू नका.

पुढच्या आठवड्यात मात्रा, जागा आणि खर्च नक्की. बोटॉक्स आणि डिस्पोर्टची युनिटं एकसारखी नसतात, कुपी 2 ते 8 अंशांत का ठेवावी लागते आणि नांदेडच्या मे महिन्यात ते कसं जमवतात, हेही त्यातच. दरम्यान ज्यांना पत्र लिहायचं असेल त्यांनी एवढं जरूर कळवावं: स्वतःची किती बोटं उभी तोंडात जातात, दुखतं कोणत्या बाजूला, आणि सुपारी खाता का. ‘नुसती’ असली तरी लिहा.